ओल, भाडेपावती आणि पंधरा दिवसांची नोटीस

घराण्यांचे इतिहास लिहिताना आपण सनदा, नेमणुका, बदल्या आणि बढत्या यांची नोंद मोठ्या काळजीने करतो. आजोबा कोणत्या साली बडोद्यास आले, कोणत्या खात्यात लागले, हे पुष्कळांना सांगता येते. परंतु ज्या दोन खोल्यांत त्यांनी चाळीस वर्षे काढली, त्या खोल्यांचे छप्पर कोणाच्या मालकीचे होते, आणि ते गळू लागले म्हणजे ते कोणास व कसे कळवीत, असे विचारले तर बहुतेकांना थांबावे लागते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद या ठिकाणी स्थिरावलेल्या मराठी मंडळींपैकी सरदार-दरकदार थोडे होते. बाकीचे कारकून, शिक्षक, वकील, वैद्य आणि रेल्वेचे नोकर. त्यांच्या पहिल्या दोन-तीन पिढ्या भाड्याच्या घरातच गेल्या. तेव्हा आमच्या वसाहतींचा इतिहास हा काही अंशी भाडेकरूंचा इतिहास आहे, आणि भाडेकरूच्या इतिहासात पावसाळ्याचे प्रकरण मोठे आहे.

ही घरे कशी होती ते प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मोठ्या घराण्यांचे वाडे उत्पन्न आटल्यावर खोल्याखोल्यांनी भाड्याने जाऊ लागले. वीट, चुना आणि लाकूड यांचे ते बांधकाम. वर कौले, कोठे पत्रा, कोठे चुन्याचा कोबा. असे घर टिकते ते दरवर्षीच्या निगराणीवर. उन्हाळ्यात कौले उतरवून फुटकी बदलायची, पन्हळी साफ करायच्या, म्हणजे घर शाकारायचे, हा परिपाठ एक-दोन वर्षे चुकला की पाणी वाशांत शिरते, तेथून भिंतीत. भिंतीला लोणा लागतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात, खोलीला कुबट वास येतो. पुढच्या काळात या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवण्याची रीत पडली. वरवर भिंत सुबक दिसे. परंतु चुन्यातून जी ओल बाहेर पडून वाळून जाई ती सिमेंटखाली कोंडली जाई आणि दोन पावसाळ्यांनी तो गिलावा फुगून खाली येई. दुरुस्तीनेच घर अधिक ओले झाले अशी उदाहरणे जुन्या पेठांतून आजही दिसतील.

कायद्याकडे वळण्यापूर्वी माणसांविषयी दोन शब्द. घरमालक हा नेहमी परका शेठ नसे. पुष्कळदा तो त्याच वाड्यात खालच्या सोप्यावर राहणारा अण्णा किंवा दादासाहेब असे. त्याच्या घरी आपल्या घरातील बायका हळदीकुंकवाला जात आणि गणपतीची आरती एकत्र होई. अशा माणसाला रजिस्टर पत्राने नोटीस देणे म्हणजे बोलणे-चालणे बंद करणे. म्हणून तक्रार तोंडीच होई, तीही भाडे द्यायला गेल्यावर, भीत भीत. मालकाचे उत्तर ठरलेले असे. मृगाचा पाऊस पडल्यावर गळती कळे. तेव्हा तो म्हणे की आता भर पावसात कौलांवर माणूस कसा चढवायचा, दसरा-दिवाळी होऊ द्या. दिवाळीपर्यंत छप्पर कोरडे झालेले असे, भाडेकरूने स्वखर्चाने चुना मारून डाग झाकलेले असत, आणि मुलीचे लग्न किंवा मुलाची फी पुढे उभी राहिल्याने विषय मागे पडे. पुढच्या मृगात तोच संवाद.

आता कायदा. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८व्या कलमात असे आहे, की जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे ती त्याने सूचना देऊनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी व खर्च व्याजासह भाड्यातून वळता करून घ्यावा. वाचताना हे फार उदार वाटते. मेख आहे ती ‘बांधलेला आहे’ या शब्दांत. कोणती दुरुस्ती मालकाने करायची हे करारावर किंवा स्थानिक वहिवाटीवर सोडलेले होते. छप्पर गळू न देण्याचे सर्वसाधारण कर्तव्य त्या कायद्याने मालकावर घातले नव्हते. आणि साध्या भाडेचिठ्ठीवर राहणाऱ्या कारकुनाचा करार तो काय असणार?

पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली आणि १९१८ मध्ये भाडेनिर्बंधाचा कायदा आला. तो कालांतराने संपला. दुसऱ्या महायुद्धात १९३९ आणि १९४४ चे कायदे झाले, आणि त्या सर्वांची जागा घेणारा मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाउस दर नियंत्रण कायदा १९४७ साली होऊन १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाल्यावर हाच कायदा बडोद्याकडेही आला, आणि १९६० नंतर गुजरातने तो पुढे चालवला. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच असल्याने तेथील जुन्या भाडेकरूंनाही तो परिचित होता. पुढे तेथे म्हैसूर राज्याचा १९६१चा कायदा आला. इंदूर-ग्वाल्हेरला मध्य प्रदेशाचा १९६१चा, हैदराबादेस आंध्र प्रदेशाचा १९६०चा आणि गोव्यात १९६८चा, असे स्वतंत्र कायदे झाले. तपशील निराळे, परंतु भाडे आवरायचे आणि भाडेकरूला सहजासहजी काढू द्यायचे नाही हा धागा सर्वांत एकच. आम्ही येथे मुंबईच्या कायद्याचाच विचार करतो.

त्याच्या २३व्या कलमाने १८८२ची उणीव भरून काढली. उलट करार नसेल तर घर राहण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवण्यास प्रत्येक मालक बांधलेला आहे, असे ते स्पष्ट सांगते. मालकाने हयगय केल्यास भाडेकरूने एकट्याने किंवा बिऱ्हाडकरूंनी मिळून निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, नंतर वाजवी वेळ थांबून दुरुस्ती स्वतः करावी व वर्षाच्या भाड्याच्या ठरावीक हिश्शापर्यंत खर्च कापून घ्यावा. अर्थात या पंधरा दिवसांचा मेळ आमच्या ऋतुचक्राशी बसत नाही. गळती मृगात कळते. नोटिशीची मुदत संपेपर्यंत आर्द्रा लागलेल्या असतात. ज्या थोड्या धोरणी भाडेकरूंनी या कलमाचा उपयोग केला असेल, त्यांना मागच्या पावसाळ्याची गळती ध्यानात ठेवून चैत्रातच पत्र टाकावे लागले असेल.

परंतु खरी अडचण ऋतूची नव्हती. याच कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते त्यावर बांधून टाकले. ते प्रमाणभाडे होय. कौले, चुना, सागवान, गवंडी या सर्वांचे दर वाढत गेले. घरपट्टीत व सुधारणांपोटी थोडी वाढ घेण्याची सोय होती, पण मूळ आकडा तोच राहिला. मालकावर कर्तव्य घातले आणि ते पार पाडण्याचे साधन त्याच हाताने काढून घेतले. गळक्या घरांच्या कहाण्यांत मालक नेहमी कृपण आणि दुष्ट असतो. काही तसे होतेही. पण आम्हांला वाटते की दहा-वीस रुपये भाडे घेणाऱ्या विधवा मालकिणीने अख्खे आढे बदलून द्यावे ही अपेक्षा कोणाही समंजस भाडेकरूला मनातून खरी वाटत नसावी. त्याच्या मौनाचे एक कारण हेही होते.

दुसरे कारण भयाचे. चिडून भाडेकरूने ‘गळती थांबेपर्यंत भाडे देत नाही’ असे म्हटले, की तो सापळ्यात सापडे. कलम १२ प्रमाणे सहा महिन्यांचे भाडे थकले, प्रमाणभाड्याविषयी वाद नसला आणि मागणीची नोटीस मिळाल्यापासून महिन्याच्या आत ते भरले नाही, तर ताबा देण्याचा हुकूम होई. छपराची तक्रार हा त्यावर बचाव ठरण्याची खात्री नव्हती. नोटीस देऊन, दुरुस्ती करून, पावत्या जपून खर्च कापणे निराळे आणि भाडेच अडवणे निराळे, हा भेद वकिलाकडे जाईपर्यंत पुष्कळांना उमगत नसे. मालकाने भाडे घेण्याचेच नाकारले तर शहाणी माणसे ते मनिऑर्डरने पाठवीत आणि परत आलेल्या मनिऑर्डरीचे कागद पेटीत जपून ठेवीत. जुन्या घरांत भाडेपावत्यांच्या चवडी जन्मपत्रिकांच्या शेजारी सापडतात त्या उगाच नव्हेत.

बरे, स्वतःच्या पैशाने पक्के काम करावे, तर तेथे तिसरा धोका. मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम करणे हे घर खाली करवून घेण्याचे एक कारण कलम १३ मध्ये होते. पत्रा काढून गच्ची ओतली तर ती दुरुस्ती की नवे बांधकाम? यावर दावे होत, आणि न्यायालयाला प्रत्येक वेळी कामाचे स्वरूप तपासून ठरवावे लागे. त्यापेक्षा डांबराचे ठिगळ, मेणकापड, आतून प्लास्टिक आणि खाली घंगाळ हे सुरक्षित. जे काढता येईल तेच लावायचे, हा नियम भाडेकरूंनी कोणी न शिकवता आत्मसात केला होता. राहिला नगरपालिकेकडे तक्रारीचा मार्ग. त्यात घर धोकादायक ठरून पाडण्याचा हुकूम निघाला, तर त्या कारणानेही ताबा जाई. ओल सिद्ध करावी, पण इतकी नव्हे! म्हणजे कायद्याने भाडेकरूला घराची शाश्वती दिली, तिची किंमत त्याने ओलीत चुकवली. आमच्या मते हा व्यवहार त्याने अजाणतेपणी केलेला नव्हता. शहराच्या मध्यभागी, शाळा-कचेरीजवळ, कोणी काढू शकणार नाही असे घर आणि वर्षातले तीन महिने ठिबकणारे छप्पर, या दोहोंत त्याने निवड केली.

मुंबईत गोष्टी हातघाईवर आल्या, कारण तेथे इमारती कोसळून माणसे मरू लागली. तेव्हा सरकारने १९६९चा इमारत दुरुस्ती व पुनर्बांधणी मंडळाचा कायदा केला: बेटावरील जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि दुरुस्ती मंडळाने करायची. अशा १९,६४२ इमारती त्या वेळी मोजल्या गेल्या. मालकाच्याने दुरुस्ती होत नाही ही गोष्ट सरकारने या कायद्याने एक प्रकारे कबूलच केली. तेच काम पुढे म्हाडाकडे गेले. हा सर्व खटाटोप मात्र मुंबई बेटापुरता. बडोद्याच्या पोळीतील किंवा बेळगावच्या गल्लीतील छप्पर मालक आणि भाडेकरू यांच्यातील खाजगी बाब म्हणूनच गळत राहिले.

गोठवलेल्या भाड्यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात, स्पष्ट बोट ठेवले: १९४० चा आकडा आता वाजवी म्हणता येत नाही. त्यानंतर महाराष्ट्राने १९९९ चा नवा कायदा केला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वार्षिक चार टक्के वाढ मान्य झाली. दुरुस्तीचे कर्तव्य १४व्या कलमात जवळजवळ त्याच शब्दांत आले आणि कापून घेण्याची मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांश ठेवली. समजा, जुने भाडे महिना चाळीस रुपये आहे. वर्षाचे ४८० झाले, त्याचा चौथा हिस्सा १२० रुपये. एवढ्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरी निघणेही अवघड; वाळू-सिमेंटचे नावच नको. हक्क शाबूत, पण त्याची लांबीरुंदी एका घमेल्याएवढी.

या साऱ्यात काय गेले याचा हिशेब कोर्टाच्या कागदांत मिळणार नाही. दमेकरी म्हातारे, संधिवाताने आखडलेल्या बायका, पावसाळाभर न वाळणारी अंथरुणे हे तर झालेच. आमच्यासारख्या वाङ्मयमंडळाच्या दृष्टीने आणखी एक हानी नोंदवली पाहिजे. मोडी दप्तरे, पत्रव्यवहार, हस्तलिखित पोथ्या आणि जुन्या मासिकांचे बांधीव खंड हे सर्व याच खोल्यांतील भिंतीतल्या कपाटांत होते. आणि ओल्या भिंतीतले कपाट हे वाळवीचे माहेर. ‘आमच्याकडे पुष्कळ कागद होते हो, पण भिजून गेले,’ हे वाक्य घराण्याचा इतिहास विचारणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले आहे. ज्या वाड्यांतील छप्पर वेळेवर शाकारले गेले तेथील दप्तरे टिकली, आणि आज आपण ज्याला आपल्या वसाहतीचा इतिहास म्हणतो तो बव्हंशी अशा कोरड्या घरांचा, म्हणजे मालकांचा, इतिहास झाला आहे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कामांची वाटणीच केलेली आहे: संरचनेची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, नळांच्या वाहिन्या व विजेच्या तारा मालकाकडे, मोऱ्यांची सफाई, नळाच्या चकत्या, विजेची बटणे, खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे. मालकाने नाकारल्यास एका महिन्याच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंत रक्कम दरमहा कापता येईल. आणि दुरुस्तीअभावी घर राहण्याजोगे उरले नसेल, तर पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन भाडेकरूने ते सोडून जावे किंवा भाडे प्राधिकरणाकडे दाद मागावी. पंधरा दिवसांची मुदत तेवढी १९४७ पासून चालत आली आहे. पूर्वी ती दुरुस्तीसाठी होती, आता घर सोडण्यासाठीही आहे. हा कायदा स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर असून तो पूर्वीच्या भाडेकरारांना लागू नाही. पेठांमधील जुनी बिऱ्हाडे, जी अजून उरली आहेत ती, आपापल्या राज्याच्या जुन्या कायद्याखालीच आहेत, आणि त्यांची कौले अजून उन्हाळ्यातच परतावी लागतात.