तारमार्गांवरील विद्युत् दाबाच्या उसळीपासून संरक्षण

तारायंत्र, दूरध्वनी, आकाशक (अँटेना) किंवा केबल दूरचित्रवाणी यांच्या तारांवाटे घरात शिरणाऱ्या क्षणिक उच्च विद्युत् दाबापासून उपकरणांचा व माणसांचा बचाव करण्याचे तंत्र. अशी उसळी बहुधा काही मायक्रोसेकंदच टिकते. ती येण्यास तारेवर प्रत्यक्ष वीज पडावी लागतेच असे नाही. जवळपास पडलेल्या विजेच्या प्रवर्तनानेही ती उद्‌भवते. वीजपुरवठ्याच्या तारेविषयी माणूस सावध असतो, संदेशवाहक तार मात्र निरुपद्रवी समजतो. हा समज जुना आहे व तो अनेकदा महाग पडला आहे.

बाहेरची तार जमिनीशी न जोडता घरात आणली, तर काय होते हे प्रथम सेंट पीटर्झबर्ग येथे दिसून आले. तेथील विज्ञान अकादमीचे सदस्य गेओर्ग व्हिल्हेल्म रिखमान यांनी छतावरील लोखंडी गजापासून एक तार आपल्या खोलीतील विद्युत् मापकापर्यंत आणली होती. विजेचे मापन करावयाचे असल्याने गज जमिनीपासून निरोधित ठेवला होता. ६ ऑगस्ट १७५३ रोजी वादळात ते मापकाजवळ वाकले असता ठिणगीचा लोळ त्यांच्या कपाळावर आदळून ते तत्काळ मृत्यू पावले. बेंजामिन फ्रँक्‍लिन यांनी सुचविलेला गज जमिनीत पुरलेला असे. रिखमान यांचा नव्हता. फरक एवढाच होता.

पुढे तारायंत्रामुळे अशा तारा शेकडो किमी. अंतरावर पसरल्या. जोसेफ हेन्‍री यांनी १८४६ मध्ये दूरवर कोसळलेल्या विजेचाही तारेवर परिणाम होतो, हे निदर्शनास आणले. पॅरिसजवळच्या एका लोहमार्ग स्थानकातील तारायंत्राची वादळात हानी झाल्यावर ल्वी ब्रेगे यांनी १८४७ मध्ये बाहेरची जाड तार व उपकरण यांच्यामध्ये बारीक तारेचा तुकडा घालण्याची सूचना केली. तो तुकडा वितळून उपकरण वाचे. आजच्या वितळतारेचा हा पूर्वज होय. भारतात तारायंत्र १८५५ मध्ये लोकांस खुले झाले. वळवाच्या पावसाच्या या देशात वीजनिवारणाचा प्रश्न साहजिकच बिकट होता. वितळतारेची उणीव अशी की, ती वितळण्यास वेळ लागतो आणि उसळी त्याआधीच पुढे निघून जाते. म्हणून तार व जमीन यांमध्ये अरुंद हवाफट ठेवण्याची पद्धत रूढ झाली. दूरध्वनीच्या संरक्षकात दोन कार्बन ठोकळ्यांमध्ये सु. ०·०८ मिमी. फट असे, काही शे व्होल्ट दाबास तिच्यातून ठिणगी पडून प्रवाह जमिनीत जाई. पुढे या ठोकळ्यांची जागा वायुभरित विसर्जन नलिकांनी घेतली.

जमिनीशी जोडणारी तार जाड असली म्हणजे झाले, ही समजूत ऑलिव्हर लॉज यांनी १८८८ मध्ये मोडली. लेडन पात्रांच्या विसर्जनास त्यांनी दोन मार्ग दिले : एक जाड तांब्याच्या तारेचा, दुसरा हवाफटीचा. ठिणगी फटीतून गेली. अतिजलद प्रवाहास तारेच्या विद्युत् रोधापेक्षा तिचे प्रवर्तकत्व अधिक अडविते, हे त्याचे कारण. त्याच वर्षी बाथ येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात ब्रिटिश पोस्ट खात्याचे विल्यम प्रीस यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. प्रीस यांच्या पाठीशी दीर्घ अनुभव होता. या मुद्यावर मात्र लॉज बरोबर होते. सरळ तारेचे प्रवर्तकत्व दर मीटरला सु. १ मायक्रोहेन्‍री असते. प्रवाह मायक्रोसेकंदास १,००० अँपिअर या वेगाने वाढला, तर ५ मी. लांबीच्या तारेवर सु. ५,००० व्होल्ट दाब पडतो. म्हणून भूसंपर्काची तार शक्य तितकी आखूड व सरळ ठेवतात.

केबल दूरचित्रवाणीची सुरुवात अमेरिकेत १९४८ च्या सुमारास झाली. तिच्यासाठी वापरली जाणारी समाक्ष केबल ऑलिव्हर हेव्हिसाइड यांच्या १८८० च्या एकस्वातून आलेली आहे. मधल्या तारेभोवती धातूची जाळी असल्याने केबल सुरक्षित आहे असे वाटते. प्रत्यक्षात ही जाळीच उसळीला संचापर्यंत आणते. केबल एका ठिकाणी व वीजपुरवठा दुसऱ्या ठिकाणी जमिनीशी जोडलेला असल्यास धोका वाढतो. १० ओहम रोधाच्या भूसंपर्कातून १,००० अँपिअर गेले, तर त्या जागेचा दाब १०,००० व्होल्टने चढतो, दुसऱ्या भूसंपर्काचा चढत नाही आणि दोहोंना जोडणारा पूल म्हणजे घरातील दूरचित्रवाणी संच ठरतो. उपाय साधा आहे : केबल जेथे घरात शिरते तेथेच तिची जाळी वीजपुरवठ्याच्या भूसंपर्काशी आखूड तारेने जोडणे. पुष्कळ जण त्याऐवजी संचामागे संरक्षक पट्टी लावतात. तिच्यातील झिंक ऑक्साइडाचा व्हॅरिस्टर हा घटक जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी विकसित केला व त्यावरील निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. घटक उत्तम आहे, पण केबल पट्टीतून न नेल्यास त्याचा उपयोग अर्धाच. वीजमार्गावरील उसळी तो भूसंपर्काच्या तारेत वळवितो, त्यामुळे त्या बाजूचा दाब चढतो व केबलचा तसाच राहतो. उपकरणाला संरक्षकामुळेच इजा पोहोचू शकते. अमेरिकेतील फ्रान्स्वा मार्त्सलॉफ यांनी संगणकांच्या संदर्भात हा मुद्दा आग्रहाने मांडला.

मुंबईत १९९१ च्या आखाती युद्धानंतर केबल झपाट्याने पसरली. गच्चीवरून गच्चीवर, झाडांवरून व खांबांवरून नेलेल्या या तारा म्हणजे वस्तुतः उंचावर ताणलेले आकाशकच होते. केबल जाळ्यांविषयीचा कायदा १९९५ मध्ये झाला. घरोघरच्या जोडणीत भूसंपर्क मात्र क्वचितच दिसे, आणि वादळापूर्वी प्लग काढणारा गृहस्थ केबल तशीच राहू देई. प्रकाशीय तंतू विद्युत् संवाहक नसल्याने त्यातून उसळी येत नाही. परंतु तंतूच्या केबलीत बळकटीसाठी धातूची तार असल्यास तीही जमिनीशी जोडावी लागते.