कावसजीचं नाक आणि आपली भूल

जुन्नर-मंचरहून सायनसच्या ऑपरेशनसाठी पुण्याला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "दुखेल का हो?"

याच पुण्याजवळ कावसजीला तो विचारून उपयोग नव्हता. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा हा गडी १७९२च्या लढाईत टिपूच्या हाती लागला. नाक आणि एक हात गमावून बसला. पुढे विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका जाणकाराने मेणाचं माप घेऊन, कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. १७९४मध्ये ही हकिकत लंडनच्या मासिकात छापली गेली. पण भूल? ईथर आलं १८४६मध्ये!

१८८४मध्ये कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर केला. मग ते नाकातही आलं. दुखणं थांबायचं, शिवाय रक्तवाहिन्या आकसायच्या. हा दुसरा फायदा दुर्बिणीच्या ऑपरेशनात मोलाचा. थेंबभर रक्तानेही दुर्बीण आंधळी होते, आणि शेजारी डोळा, वर मेंदू! म्हणून पूर्ण भूल दिली तरी नाकात अ‍ॅड्रेनालिन वापरतात, डोकं जरा उंच ठेवतात, रक्तदाब सांभाळतात.

तेव्हा भूलतज्ज्ञांपासून रक्तदाब, दमा, रक्त पातळ करणारी गोळी, काही लपवू नका. कावसजीला कुणी हे विचारलं नव्हतं, तुम्हाला विचारतील.