एक ग्रहण, दोन नोंदी : वेळ जुळवण्याची हजार वर्षांची युक्ती

#थ्रेड #इतिहास

१/ दोन नगरे, मध्ये शेकडो कोसांचे अंतर. तार नाही, दूरध्वनी नाही. एका नगरातील वेळ दुसऱ्या नगरातील वेळेशी ताडून कशी पाहावी? इ. स. ९९७ मध्ये दोन विद्वानांनी वापरलेली युक्ती आज अंगावर बांधायच्या सेन्सरांनाही उपयोगी पडते.

२/ त्यांतील एक होता २३ वर्षांचा अल्-बेरुनी. पुढे हिंदुस्थानात येऊन संस्कृत शिकलेला आणि या देशाविषयी ग्रंथ लिहिणारा तोच हा. तेव्हा तो ख्वारिझममधील काथ नगरात, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानात होता. दुसरा, बगदादमधील ज्येष्ठ गणिती अबुल वफा.

३/ दोघांनी आधी ठरवून २४ मे ९९७ चे चंद्रग्रहण आपापल्या नगरातून पाहिले आणि स्थानिक वेळ टिपली. सूर्यग्रहण ठिकाणागणिक वेगवेगळ्या क्षणी दिसते. पृथ्वीची छाया मात्र चंद्रावर पडली की जिथून चंद्र दिसतो, तिथून ती एकाच क्षणी दिसते.

४/ नोंदींत सुमारे एक तासाचा फरक निघाला. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. त्यावरून दोन नगरांच्या रेखांशांतील अंतर मिळाले. चंद्राने कोणालाही वेळ सांगितली नव्हती. त्याने दोघांना एकच क्षण दिला. बाकीचे काम नोंदींनी केले.

५/ पण छायेची कड धूसर असते आणि ग्रहणे विरळ. १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूचे चार चंद्र दिसले. त्यांपैकी आयो दर साडेबेचाळीस तासांनी गुरूच्या छायेत शिरतो. १६६८ मध्ये कॅसिनीने या चंद्रांची कोष्टके प्रसिद्ध केली. १६७१ मध्ये झाँ पिकार डेन्मार्कजवळच्या व्हेन बेटावर गेला. तो तेथून आणि कॅसिनी पॅरिसहून तीच ग्रहणे टिपू लागले.

६/ पिकारचा तरुण साहाय्यक ओले रोमर पुढे पॅरिसला आला. आयोची ग्रहणे कधी लवकर, कधी उशिरा का होतात, याचा उलगडा त्याने १६७६ मध्ये केला : प्रकाशालाही प्रवासास वेळ लागतो. घटना आणि तिची नोंद यांत विलंब असतो, हे तेव्हा ध्यानी आले.

७/ आता आजच्या काळात येऊ. चाल अभ्यासण्यासाठी दोन्ही घोट्यांवर सेन्सर बांधतात. प्रत्येकात क्वार्ट्झचे स्वतंत्र घड्याळ. दशलक्षामागे २० भागांची चूक झाली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. दोन पावलांत अंतर जेमतेम अर्ध्या सेकंदाचे! मग डावे पाऊल आधी पडले की उजवे, हेच सांगता येत नाही. लंगडण्याचे निदान अशा नोंदींवरून करायचे असेल, तर ते चुकणारच.

८/ एका सेन्सरने दुसऱ्याला 'आता अमुक वाजले' असे बिनतारी कळवले तर? निरोप पाठवणाऱ्या यंत्रातच तो किती काळ रखडेल, याचा नेम नसतो. २००२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील एल्सन, गिरॉड आणि एस्ट्रिन यांनी वेगळी पद्धत मांडली. एक संदेश सर्वांना प्रसारित करायचा. त्यात वेळ नसली तरी चालते. तो कधी ऐकू आला हे प्रत्येकाने आपापल्या घड्याळाने टिपायचे आणि मग ऐकणाऱ्यांनी परस्परांत नोंदी ताडायच्या. पाठवणाऱ्याकडचा विलंब सर्वांसाठी सारखाच, म्हणून वजाबाकीत तो गळून पडतो. चंद्राची जागा इथे संदेशाने घेतली.

९/ सेन्सर केवळ नोंद साठवणारे असतील, तर ते एकत्र धरून टेबलावर ठोकतात. तो धक्का दोन्ही नोंदींत उमटतो. मात्र एकदा ठोकून भागत नाही. आरंभीच्या ठोक्याने घड्याळांतील फरक कळतो. अखेरच्या ठोक्याने तो फरक किती वेगाने वाढला, ते कळते.

१०/ रत्नागिरी आणि नागपूर यांच्या स्थानिक सूर्यवेळांत सुमारे २३ मिनिटांचा फरक आहे. भारतीय प्रमाणवेळेमुळे तो आपल्या घड्याळांत दिसत नाही. पुढच्या चंद्रग्रहणाला दूरच्या मित्राशी ठरवून, सूर्यावरून लावलेल्या घड्याळाने वेळ टिपून पाहा. बेरुनीचा प्रयोग आजही करता येतो.