घाटमाथ्यावरचा नाताळ

नाताळात लोणावळा-खंडाळ्याला पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत मला आठवतो तो १७७८चा नाताळ. राघोबादादांना पुण्याच्या गादीकडे परत न्यायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज डिसेंबरच्या अखेरीस बोरघाट चढून खंडाळ्यात आली होती. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट आघाडीची तुकडी घेऊन आधीच तिथे येऊन थांबला होता. घाटमाथ्यावर इंग्रज फौजेचा हा पहिलाच नाताळ. मुलूख परका, समोर मराठ्यांचे स्वार.

पुढचा नाताळ स्टुअर्टच्या नशिबी नव्हता. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याला तोफेचा गोळा लागून तो पडला. पंधरवड्याच्या आत वडगावला इंग्रजांना नमतं घेऊन तह करावा लागला.

फाकडा हे मानाजी शिंद्यांसारख्या शूर सरदाराचं बिरुद. ते मराठ्यांनी या शत्रूलाही दिलं आणि त्याचं आडनावही आपल्या जिभेला वळेल तसं करून घेतलं: इष्टुर फाकडा. वडगाव मावळात त्याची समाधी आहे. घरापासून हजारो मैलांवर मेलेला माणूस असा इथला झाला, असं मला वाटतं. वडगावचा तह कलकत्त्याच्या इंग्रजांनी मानलाच नाही. मावळाने दिलेलं नाव मात्र टिकलं.