बाईची अंत्ययात्रा

परवा भाचीने हट्टाने बसवून 'स्टार वॉर्स'चा 2005 सालचा भाग दाखवला, 'रिव्हेंज ऑफ द सिथ'. अंतराळातल्या लढायांत मला फारसा रस नाही. अर्धा वेळ मी डुलक्याच काढत होतो. शेवटी शेवटी मात्र एक प्रसंग आला आणि सावरून बसलो. नाबू नावाच्या ग्रहावर पद्मे अमिडाला नावाच्या बाईची अंत्ययात्रा निघालीय. ही आधी लोकांनी निवडून दिलेली राणी, मग सिनेटर. रात्रीची वेळ, रस्त्याच्या दुतर्फा माणसं, पांढऱ्या जनावरांनी ओढलेली गाडी, केसांत फुलं माळलेला देह. बाईला जुळं झालेलं आहे, पण ते शत्रूला कळू नये म्हणून ती पोटुशीच गेली असं दिसेल अशा रीतीने देह मांडलाय. म्हणजे गाव रडतंय ते अगदी खरं, आणि ज्याकडे बघून रडतंय त्यातली महत्त्वाची गोष्ट झाकलेली.

भाची म्हणाली, "मामा, असं खरोखर कुठे होतं का?"

होतं की. 3 नोव्हेंबर 1984, शनिवार. मी तेव्हा धामणगावात सातवीत होतो.

धामणगाव म्हणजे धामणगाव रेल्वे. बाहेरच्या लोकांना या नावाचं हसू येतं, पण आमच्या गावाला गावपण दिलं ते रेल्वेनेच. मुंबई-नागपूर लाईनवरचं स्टेशन, यवतमाळला जाणारा माणूस इथे उतरणार, आणि स्टेशनच्या आसपास कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. शेतात वेचणी सुरू, बाजारात कापसाच्या बंड्या.

बुधवारी, 31 ऑक्टोबरला सकाळी दिल्लीत 1, सफदरजंग रोडच्या आवारात इंदिरा गांधींवर त्यांच्याच दोन अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. पीटर उस्तिनोव्ह हा ब्रिटिश नट मुलाखतीसाठी कॅमेरा लावून थांबला होता, त्याच्याकडे त्या चालत निघाल्या होत्या. आकाशवाणीने मृत्यूची बातमी सांगायला संध्याकाळ उजाडवली. बीबीसी ऐकणाऱ्यांना ती आधीच कळलेली होती. आमच्याकडे ती स्टेशनवरून आली. कुठल्याशा गाडीच्या प्रवाशांनी सांगितलं म्हणे. आजी अंगणात तूर निवडत होती. शेजारची काकू धावत आली, "बाईले मारलं म्हनतात वं, आपल्या इंदिराबाईले!" आजीने सूप बाजूला ठेवलं आणि मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. नात्यातलं माणूस गेल्याचं कळलं की घेतात तसं. त्या रात्री तिने चूल पेटवू दिली नाही.

हे आजच्या पोरांना समजावणं कठीण आहे. वऱ्हाडातल्या बायकांच्या तोंडी त्या 'इंदिराबाई' होत्या, आणि पुष्कळदा नुसत्याच 'बाई'. पंतप्रधान वगैरे कोणी म्हणत नसे. 1977 मध्ये उत्तर भारतात काँग्रेसचा पार धुव्वा उडाला, खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या, तरी विदर्भाने बहुतांश साथ सोडली नव्हती. त्याच वर्षी जुलैत त्या पवनारला विनोबांना भेटायला आल्या. पवनार म्हणजे आमच्या गावापासून वर्धा नदी ओलांडली की पलीकडच्या जिल्ह्यातलं. सत्ता गेलेली, मागे चौकशा लागलेल्या, आणि तरी बघायला माणसं लोटली. पुढे जानेवारी 1978 मध्ये पक्ष फुटला, गाय-वासरू जाऊन पंजा आला. फेब्रुवारीतल्या विधानसभेला त्या नव्या चिन्हाला महाराष्ट्रात सगळ्यात जास्त हात दिला तो विदर्भानेच.

का? याची उत्तरं अभ्यासकांनी दिली आहेत. बँकांचं राष्ट्रीयीकरण, गरिबी हटावची घोषणा, दलित आणि आदिवासी मतं, स्थानिक पुढाऱ्यांची गणितं. ती बरोबरच असतील. पण आमच्या आजीचं कारण वेगळं होतं. आजी तिशीतच विधवा झालेली. आमच्याकडे विधवेने हळदीच्या कार्यात पुढे यायचं नाही, ओटी भरायची नाही, नवरदेवाला ओवाळायचं नाही. आणि इकडे एक विधवा बाई डोक्यावर पदर घेऊन व्यासपीठावर उभी राहते, आणि झाडून सगळे पुरुष पुढारी तिच्यापुढे वाकतात! आजीला बँकांचं काय करायचं होतं? कापसाची एकाधिकार खरेदी असो की निराधारांचं अनुदान, दोन्ही राज्य सरकारच्या योजना, पण आजीच्या हिशोबी सगळं बाईनेच दिलेलं. तिला दुरुस्त करायला गेलं तर ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच म्हणायची.

घरात दुसरी बाजूही होती. आमचे मोठे काका आणीबाणीत मिसाखाली दीड वर्ष नागपूरच्या तुरुंगात होते. त्यांच्यासमोर बाईचं नाव काढायची सोय नव्हती. एकाच स्वयंपाकघरात दोन पाटांवर दोन देश जेवत असत म्हणा ना. (घरातल्या मंडळींना हे पाठ आहे, बाकीच्यांसाठी सांगतोय.)

तर शनिवार. गावात टीव्ही असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्या वर्षी सरकारने देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रं उभारायचा सपाटा लावला होता. त्याआधी दोन वर्षं, 1982 च्या स्वातंत्र्यदिनाला रंगीत प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा नभोवाणी खातं शेजारच्या वर्ध्याचे खासदार वसंतराव साठे यांच्याकडे होतं. आमच्या गल्लीतला सेट मात्र कृष्णधवल, आणि चित्रापेक्षा मुंग्या जास्त. एक पोरगा गच्चीवर अँटेनाचा पाईप धरून उभा, खालून आरडाओरडा, "अजून फिरव, अजून... बस बस!" पुढे सतरंजीवर आम्ही पोरं, मागे बायका, दारात आणि बाहेर ओट्यावर पुरुष.

तीन मूर्ती भवनात दोन दिवस ठेवलेला देह तोफेच्या गाड्यावर, तिरंग्यात गुंडाळलेला. चेहरा उघडा. थॅचर आल्या होत्या, पाकिस्तानचे झिया उल हक आले होते, यासर अराफत रडताना दिसले. यमुनेच्या काठी, शांतिवनाजवळ चिता रचलेली. चाळीस वर्षांच्या राजीवने अग्नी दिला.

त्या क्षणी मागे बायकांत एकदम शांतता झाली. त्याचा अर्थ मला फार नंतर लागला. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. प्रेत दारातून निघालं की त्या मागे राहतात, घर सारवतात, आंघोळी करतात. आजीने तिच्या सासऱ्याची चिता पाहिली नव्हती, आईची नाही, स्वतःच्या नवऱ्याचीही नाही. त्या खोलीतल्या बहुतेक बायकांनी आयुष्यात पाहिलेली पहिली चिता ती. सरकारी इतमाम, बंदुकांची सलामी, परदेशी पाहुणे, यातलं त्यांना काही दिसलंच नसावं. लाकडं कशी रचतात, तूप कसं घालतात, मुलगा कसा फेरे घेतो, हे त्या बघत होत्या. आजी घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाली, "असं असते वाटते ते."

एखाद्या राजकारणी बाईच्या अंत्ययात्रेने आणखी काय द्यावं? इतिहासाच्या पुस्तकात तिची नोंद 'भव्य' या एका शब्दात होते. मला विचाराल तर वऱ्हाडातल्या हजारो ओसऱ्यांवर त्या दुपारी जे घडलं ते त्या भव्यतेपेक्षा मोठं होतं. दूरदर्शनने स्मशानाचं फाटक बायकांसाठी उघडलं, आणि ते एका बाईच्या निमित्ताने उघडलं.

आणि आता झाकलेल्या गोष्टीकडे येतो.

त्या मुंग्यांच्या पडद्यावर जे दिसत नव्हतं ते असं. 31 तारखेच्या संध्याकाळपासूनच दिल्लीत शिखांवर हल्ले सुरू झाले. 1 आणि 2 नोव्हेंबरला यमुनेपलीकडच्या त्रिलोकपुरीत, 32 नंबरच्या ब्लॉकमध्ये, घराघरांतून पुरुषांना ओढून जिवंत जाळलं गेलं. 'इंडियन एक्सप्रेस'चे राहुल बेदी आणि जोसेफ मलियाकन हे बातमीदार तिथे पोचले तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. सरकारने पुढे मान्य केलेला दिल्लीतल्या मृतांचा आकडा 2733. म्हणजे चिता पेटली तेव्हा त्याच शहरात, काही मैलांवर, आणखी कितीतरी देह आधीच जळून गेले होते, मंत्राशिवाय आणि मोजणीशिवाय. तीन मूर्तीतून दिवसभर चाललेल्या प्रक्षेपणात खुनाचा बदला खुनाने घेण्याच्या घोषणा ऐकू येत होत्या, असंही पुढे चौकशी आयोगांपुढे सांगितलं गेलं. रस्त्याच्या दुतर्फा अपेक्षेपेक्षा गर्दी कमी होती असं परदेशी वार्ताहरांनी लिहिलं. कशी असणार? शहरात संचारबंदी होती आणि लोक जीव मुठीत धरून घरात होते. आमच्या पडद्यावर तर गर्दी पुष्कळ दिसली. कॅमेरा जिथे वळवावा तिथे गर्दी असते.

आमच्या गावात स्टेशनकडच्या रस्त्याला एका सरदारजींचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बुधवारी संध्याकाळी शटर पडलं ते चार दिवस उघडलं नाही. काही झालं नाही, हे आधीच सांगतो. पण काका (तेच, तुरुंगात गेलेले) त्या चार रात्री जेवण झालं की खुर्ची उचलून त्या बंद दुकानासमोर जाऊन बसायचे. गावातले आणखी दोघंतिघं असायचे. पान खायचे, गप्पा मारायचे, पहाटे परत. कुणी विचारलं तर म्हणायचे, झोप येत नाही. शनिवारी मात्र ते टीव्हीसमोर आले होते, दारात उभे होते, आणि चिता पेटली तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. बाईबद्दलचं त्यांचं मत काही बदललं नव्हतं. पुढे कधी बदललंही नाही.

दिल्लीतल्या बातम्या आम्हाला तुकड्यातुकड्याने कळत गेल्या. 19 नोव्हेंबरला, आईच्या वाढदिवशी, बोट क्लबवरच्या सभेत राजीव गांधींनी मोठं झाड कोसळतं तेव्हा जमीन हादरते अशा अर्थाचं ते वाक्य उच्चारलं. काकांनी पेपर घडी करून ठेवला आणि उठून गेले. आजीला वाचून दाखवलं तेव्हा ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या सरदाराच्या घरी लेकरं किती?"

डिसेंबरात निवडणूक झाली. 514 पैकी 404 जागा काँग्रेसला. अमरावतीतून उषाताई चौधरी पुन्हा निवडून आल्या, वर्ध्यातून साठे. आजीने मत दिलं ते बाईच्या पोराला. त्या मतात तिचं खरं दुःख होतं, याबद्दल मला शंका नाही. ते दुःख कुणीतरी गोळा करून वापरलं, याबद्दलही नाही. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत, हे मला पटायला पुष्कळ वर्षं लागली. काही मित्रांना अजून पटलेलं नाही. त्यांना वाटतं, की 84 चं सत्य मांडायचं तर त्या शोकाला भाबडेपणा म्हटलं पाहिजे. आजीच्या डोक्यावरून घेतलेल्या पाण्याला मी भाबडेपणा म्हणणार नाही.

नाबूची गोष्ट बघा. तिथे झाकलं ते दोन बाळांचा जीव वाचावा म्हणून, आणि झाकणारी माणसं बाईची मित्र होती. दिल्लीत जे झाकलं गेलं त्याने कुणाचा जीव वाचला नाही. सैन्य वेळेत रस्त्यावर उतरलं असतं तर वाचले असते, असं पुढच्या चौकश्यांतून वारंवार पुढे आलं. योगायोग असा, की तो सिनेमा आला त्याच 2005 च्या ऑगस्टमध्ये नानावटी आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला, आणि मनमोहन सिंगांनी राज्यसभेत माफी मागितली. सज्जन कुमारांना दिल्ली उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली ती डिसेंबर 2018 मध्ये. चौतीस वर्षांनी. आजी आणि काका, दोघंही तोवर गेलेले होते.

बाईंची रक्षा 11 नोव्हेंबरला राजीवने विमानातून हिमालयावर सोडली. चितेच्या जागी आता शक्तिस्थळ आहे, तिथे करड्या-तांबूस रंगाचा एक प्रचंड अखंड दगड उभा आहे. सफदरजंग रोडच्या घराचं संग्रहालय झालं. गोळ्यांनी भोकं पडलेली साडी तिथे काचेआड ठेवलीय आणि शेवटची पायवाट काचेने मढवलीय. मी गेलो तेव्हा रांगेत पुढे चंद्रपूरकडच्या सात-आठ बायका होत्या, बोलण्यावरून कळलं. साडीसमोर आल्यावर त्यांतल्या दोघींनी चपला काढल्या.

तिथून गुरुद्वारा रकाबगंज फार लांब नाही. 1 नोव्हेंबर 1984 ला जमाव या गुरुद्वारावरही चालून आला होता. 2017 मध्ये तिथे मारल्या गेलेल्यांच्या नावांची भिंत उभी राहिली. 'सच की दीवार' म्हणतात तिला. मी गेलो त्या दुपारी तिथे एकच म्हातारी होती. एका नावावर बोट ठेवून ती नातवाला ते वाचायला लावत होती, आणि त्याला गुरुमुखी धड येत नसल्यामुळे पुन्हा पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात होत होती.