बॅकहो लोडरचे इंधनव्यवस्थापन

बॅकहो लोडर हे पुढच्या बाजूस माती भरण्याचे रुंद बकेट आणि मागच्या बाजूस खोदाईचा हात असलेले, चाकांवर चालणारे बांधकामयंत्र होय. महाराष्ट्रात ते एका उत्पादक कंपनीच्या नावावरून सर्रास 'जेसीबी' म्हणून ओळखले जाते. या यंत्राच्या डिझेलचा खप, साठवण, शुद्धता व नोंदी यांच्या नियोजनास इंधनव्यवस्थापन म्हणतात.

इंधनक्षमता व खप

मध्यम आकाराच्या यंत्राच्या टाकीत साधारणतः १०० लिटरहून अधिक डिझेल मावते. यंत्र बहुतांश वेळ एकाच जागी काम करीत असल्याने खप किलोमीटरवर न मोजता तासमापकावरून, म्हणजे ताशी लिटरमध्ये मोजतात. उदाहरणार्थ, टाकी १२० लिटरची व खप ताशी ५ लिटर असल्यास पूर्ण टाकी २४ तास पुरते. चौथा हिस्सा राखीव ठेवल्यास १८ तास. कठीण मुरूम, बोथट दात आणि काम नसताना चालू ठेवलेले इंजिन यांमुळे खप वाढतो. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो.

टाकीची निगा

रिकाम्या टाकीतील हवेतली वाफ रात्रीच्या गारव्यात थिजून पाणी होते. डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी साचते व पुढे गंज आणि इंजेक्टरचा बिघाड घडवते. म्हणून दिवसाचे काम संपताच टाकी भरतात आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी गाळणीतील पाणी काढतात. मात्र टाकी काठोकाठ भरत नाहीत. तापमान २० अंशांनी वाढल्यास १२० लिटर डिझेल सुमारे २ लिटरने प्रसरण पावते. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही बाब महत्त्वाची ठरते. टाकी पूर्ण रिती झाल्यास इंधननळीत हवा शिरते व ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही.

साठवण

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार डिझेलसारखे 'ब' वर्गातील इंधन एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत परवान्याविना ठेवता येते. त्यातील कोणतेही पात्र १,००० लिटरहून मोठे नसावे लागते. इंधन भरताना इंजिन बंद ठेवणे आणि धूम्रपान टाळणे आवश्यक असते.

वऱ्हाडातील संदर्भ

अमरावती जिल्ह्यातील शेंदूरजनाघाट हे वरूड तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. बागांसाठी होणाऱ्या उपशामुळे या तालुक्यातील भूजल खालावले असून नाला खोलीकरण, गाळ काढणे व शेततळी या कामांना महत्त्व आले आहे. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत वरूडचा समावेश होता. अशी कामे पावसाळ्यापूर्वी पुरी व्हावी लागतात. उपलब्ध डिझेल किती तास पुरेल यावर खोदाईची लांबी ठरते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राज्य शासनाच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत इंधनखर्चासाठी साहाय्याची तरतूद होती, तर गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यांवर होता. यंत्र भाड्याने घेताना दर डिझेलसह आहे की डिझेलविना, हे आधी ठरवून तासमापकाचे आरंभीचे व अखेरचे आकडे दोन्ही पक्षांनी नोंदविल्यास हिशेबाचे वाद टळतात.