रात्रीचं वेगळं तिकीट वसूल होतं का? मकबऱ्यापासून ताजमहाल आणि डिस्नेपर्यंतचा हिशेब

दिवसाचं तिकीट वेगळं, रात्रीचं वेगळं. जगभरातल्या मोठ्या थीम पार्कांमध्ये ही पद्धत आता रुळली आहे. पार्क नेहमीच्या वेळेला बंद होतं आणि त्यानंतर मोजक्या लोकांसाठी पुन्हा सुरू राहतं. जाहिरातीत 'गर्दी नाही, रांग नाही' असं सांगितलं जातं. इन्स्टाग्रामवर दिव्यांनी उजळलेले व्हिडिओ दिसतात आणि घरात प्रश्न सुरू होतो : एवढे पैसे घालवावेत का?

छत्रपती संभाजीनगरात डिस्नेसारखं पार्क नाही. पण या प्रश्नाचं उत्तर शोधायला हे शहर सोयीचं आहे. कारण इथे एक वास्तू अशी आहे, जी रात्री पाहायला जादा पैसे लागत नाहीत. आणि तिची तुलना जिच्याशी कायम होते, त्या आग्र्याच्या ताजमहालाला मात्र रात्रीचं वेगळं, महागडं तिकीट आहे.

मकबरा : रात्रही त्याच तिकिटात

औरंगजेबाची पत्नी दिलरास बानो बेगम यांची कबर असलेला बीबी का मकबरा रात्री १० वाजेपर्यंत खुला असतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या २०१८च्या दरवाढीनंतर भारतीयांसाठी इथलं तिकीट २५ रुपये झालं, ऑनलाइन काढलं तर २० रुपये. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सकाळी गेलं काय आणि संध्याकाळी सात वाजता गेलं काय, दर तोच.

म्हणजे आई-वडील आणि दोन लहान मुलं अशा कुटुंबाचा प्रवेशाचा खर्च ५० रुपये. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी तापलेल्या फरशीवर फिरण्यापेक्षा दिवेलागणीनंतर जाणं केव्हाही सुखाचं. शहरातली कित्येक घरं पाहुण्यांना मुद्दाम संध्याकाळीच तिकडे नेतात, ते यासाठीच.

इथे 'वसूल होतं का' हा प्रश्नच पडत नाही. पण वेरूळ आणि अजिंठ्याच्या लेण्यांना ही सोय नाही. ती दिवसाच पाहावी लागतात. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी.

ताजमहाल : अर्धा तास, ५१० रुपये

सुरक्षेच्या कारणावरून १९८४ मध्ये ताजमहालाचं रात्रीचं दर्शन बंद झालं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर नोव्हेंबर २००४ पासून ते पुन्हा सुरू झालं. पौर्णिमेची रात्र, तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन, अशा महिन्यातल्या पाचच रात्री. शुक्रवारी आणि रमजान महिन्यात तेही नाही.

वेळ रात्री ८.३० ते १२.३०. पन्नास-पन्नास जणांच्या आठ तुकड्या, प्रत्येक तुकडीला अर्धा तास. म्हणजे एका रात्रीत जास्तीत जास्त ४०० माणसं. भारतीय प्रौढांना ५१० रुपये, तीन ते पंधरा वर्षांच्या मुलांना ५०० रुपये. तेच चौघांचं कुटुंब इथे २,०२० रुपये देतं.

हिशेब सोपा आहे. ताजमहालावर रात्रीचं एक मिनिट माणशी १७ रुपयांना पडतं. मकबऱ्यात दोन तास काढले, तर मिनिटाला जेमतेम २१ पैसे. शिवाय ताजमहालाच्या रात्रीच्या तिकिटात मुख्य घुमटापर्यंत जाता येत नाही. मुख्य दरवाजाजवळच्या लाल दगडी चौथऱ्यावरून, लांबूनच पाहायचं.

मग हे पैसे कशाचे? शांततेचे. दिवसा हजारोंच्या गर्दीत दिसणारी वास्तू पन्नास जणांत पाहायला मिळते. ज्यांनी ताजमहाल आधी दिवसा पाहिलाय, त्यांच्यासाठी हा वेगळा अनुभव आहे. जे पहिल्यांदाच जाताहेत, त्यांनी फक्त रात्रीच्या तिकिटावर समाधान मानलं तर जाळीकाम, जडावकाम, कबरी सगळं हुकतं. सचखंड एक्स्प्रेसने आग्र्याला जाऊन अर्ध्या तासात परतायचं, हा घाट्याचा सौदा.

चंद्राचं गणितही पाहावं लागतं. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि त्यानंतर रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा. म्हणजे पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या रात्री तो सूर्यास्तानंतर दीड-पावणेदोन तासांनी वर येतो. उन्हाळ्यात सूर्यास्तच सातनंतर होतो, त्यामुळे त्या रात्री ८.३०च्या तुकडीला चंद्र दिसेलच असं नाही. पौर्णिमेआधीच्या रात्री मात्र अंधार पडतो तेव्हा चंद्र आधीच वर आलेला असतो. तिकिटाचा दर पाचही रात्री सारखा, पण मिळणारं चांदणं सारखं नाही. थंडीत धुकं असेल तर तेही विसरायचं.

थीम पार्क हे तिकीट का विकतात?

यामागचा व्यवहार समजून घेतला की निर्णय सोपा होतो. पार्कचे पाळणे, इमारती, जमीन यांवरचा खर्च आधीच झालेला असतो. रात्री पाच तास जास्त चालवायचं, तर वीज, कर्मचारी आणि कार्यक्रम एवढाच जादा खर्च. म्हणजे एकाच दिवसात तीच जागा दोनदा विकता येते.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये १९९५ साली एका रात्रीची हॅलोविन पार्टी झाली. आज ती अनेक रात्री चालते. २०२४ मध्ये तिचं तिकीट ११९ डॉलरपासून सुरू होऊन खुद्द हॅलोविनच्या रात्री १९९ डॉलरपर्यंत गेलं. पार्टी तीच, भाव तारखेप्रमाणे. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओतही २०११ पासून हॅलोविनच्या रात्रींना वेगळं तिकीट आहे. महाराष्ट्रातून सहलीला जाणाऱ्या अनेकांचा या प्रकाराशी पहिला संबंध तिथेच येतो.

डिस्नेच्या पार्टीची वेळ संध्याकाळी ७ ते मध्यरात्र. पण तिकीटवाल्यांना ४ वाजताच आत सोडतात. चारला पोहोचणाऱ्याला ११९ डॉलरमध्ये आठ तास मिळतात, म्हणजे तासाला सुमारे १५ डॉलर. सातला पोहोचणाऱ्याला पाचच तास, तासाला जवळपास २४ डॉलर. तिकीट एकच, पण वेळेवर न गेल्याने दर दीडपट होतो.

याची दुसरी बाजूही आहे. पार्टीच्या दिवशी दिवसाचं तिकीट काढलेल्यांना संध्याकाळी लवकर बाहेर काढलं जातं, त्यांचा दिवस कापला जातो. म्हणून अनेकजण त्या दिवशी येणंच टाळतात आणि पार्क दिवसा तुलनेने रिकामं राहतं. रात्रीच्या रोषणाईचा सोस नसेल आणि फक्त रांगा टाळायच्या असतील, तर पार्टीच्या दिवशीचं साधं तिकीट स्वस्तात तेच काम करतं.

आपल्याकडे काय?

खोपोलीचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं. संभाजीनगरहून ते तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. शिर्डीतली पार्कं त्यामानाने जवळ. राज्यात रात्रीचं वेगळं तिकीट प्रामुख्याने दिसतं ते ३१ डिसेंबरच्या पार्ट्या, नवरात्रातला दांडिया आणि संगीत कार्यक्रमांना.

संभाजीनगरातलं ठळक उदाहरण म्हणजे वेरूळ-अजिंठा महोत्सव. पूर्वी तो वेरूळच्या कैलास लेण्यासमोर होत असे, नंतर शहरातल्या सोनेरी महालाच्या परिसरात येऊ लागला. मधल्या काही वर्षांच्या खंडानंतर २०२३ मध्ये तो पुन्हा भरला. इथे पैसे वास्तू पाहण्याचे नसतात. शास्त्रीय गायन, नृत्य, वादन समोर बसून ऐकण्या-पाहण्याचे असतात. दिवसा सोनेरी महालात गेलं तरी ते मिळत नाही. त्यामुळे कलाकारांची यादी पाहूनच इथला निर्णय घ्यावा.

तिकिटाच्या किमतीत न दिसणारा खर्च

पहिला खर्च कराचा. थीम पार्क आणि वॉटर पार्कच्या प्रवेशावर १८ टक्के जीएसटी आहे. संगीत, नृत्य, नाटक यांचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही. त्यापुढे गेलं की पूर्ण रकमेवर १८ टक्के. म्हणजे १,००० रुपयांचं तिकीट कर वेगळा धरला तर १,१८० रुपयांना पडतं. त्यावर ॲपचं बुकिंग शुल्क.

दुसरा खर्च परतीचा. रात्री साडेअकराला कार्यक्रम संपल्यावर रिक्षा मिळेल का, मिळाली तर किती घेईल, दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा आहे का? पेंगुळलेलं मूल खांद्यावर घेऊन पार्किंग शोधणाऱ्या बापाला 'गर्दी नाही' या जाहिरातीचं काही वाटत नाही. पाच-सहा वर्षांची मुलं नऊ-साडेनऊला झोपत असतील, तर मध्यरात्रीपर्यंतच्या तिकिटातले शेवटचे दोन तास सरळ वाया गेले असंच धरावं.

ॲपवर 'शेवटची ३ तिकिटं' असं खोटं दाखवून घाई करायला लावणं किंवा पैसे भरायच्या पानावर अचानक शुल्क वाढवणं, या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ मधल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुचित ठरतात. जाहिरातीत सांगितलेलं मिळालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. त्यासाठी जाहिरातीचा आणि तिकिटाचा स्क्रीनशॉट जपून ठेवणं हिताचं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडेही दाद मागता येते. सिंगापूर किंवा अमेरिकेतल्या पार्कबाबत मात्र तिथल्या परताव्याच्या अटी आधी वाचून घेणं बरं.

मग घ्यावं की नाही?

तीन प्रश्नांत उत्तर मिळतं.

१. दिवसा न मिळणारं असं रात्री नेमकं काय आहे? फक्त रोषणाई असेल तर थांबावं. कार्यक्रम, मोजकीच गर्दी किंवा चांदणं असेल तर विचार करावा.

२. माणसांची संख्या मर्यादित आहे का, आणि ती आकड्यात सांगितली आहे का? ताजमहालाच्या तिकिटात पन्नास हा आकडा आहे. 'मर्यादित प्रवेश' एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

३. कर, शुल्क, खाणं आणि परतीचा प्रवास धरून एका माणसाचा एका तासाचा खर्च किती? तो दिवसाच्या तिकिटाच्या दुपटीहून जास्त असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं भक्कम हवीत.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आणि लहान मुलं सोबत असलेल्यांसाठी दिवसाचं तिकीट बहुधा बरं. एकदा पाहून आलेल्यांना, मोठ्या मुलांना आणि वेळेआधी पोहोचणाऱ्यांना रात्रीचं तिकीट वसूल होऊ शकतं. आणि ज्या संभाजीनगरकराला फक्त शांत संध्याकाळ आणि उजळलेला घुमट हवा आहे, त्याच्यासाठी मकबऱ्याचं २५ रुपयांचं तिकीट आहेच.